चुन्याची निवळी

बादली पडल्याचा आवाज सोजराबाईनं ऐकला, पण मान वर केली नाही, कारण त्या वेळी तिच्या हातांत दुसऱ्या कुणाचे तरी हात होते. धरलेले हात मध्येच सोडायचे नसतात. समोर पाटावर जिनिंगमधला एक हमाल बसला होता. पाल्याचा रस तिनं त्याच्या तळव्यांना चोळला होता आणि परातीतल्या चुन्याच्या निवळीत ते हात ती सावकाश धूत होती. पाणी आधी कडेनं पिवळं झालं, मग सगळंच पिवळं झालं, आणि अंगणात बसलेल्या दहाबारा जणांनी नेहमीसारखा एकदम श्वास सोडला. कावीळ उतरायला लागली. दर रविवारी हा श्वास तिला ऐकू यायचा आणि दर रविवारी तिला बरं वाटायचं. बादलीचं काय, नवऱ्याच्या, नारायणरावांच्या हातून वस्तू पडतच असत. उभी हयात तेलाच्या मिलमध्ये घालवलेल्या माणसाची पकड निसरडीच राहणार, असं ती म्हणायची, आणि तेही ते हसून कबूल करायचे. हमालाचे हात पुसून तिनं वर बघितलं तेव्हा ते आडाच्या कठड्याशी उकिडवे बसले होते, उजवी कूस दोन्ही हातांनी दाबून. तिच्याकडे बघून त्यांनी हसायचा प्रयत्न केला. ऊन नेमकं तोंडावर होतं आणि उन्हानं त्यांचे डोळे दाखवले. पिवळे. वाद घालायला जागा नाही इतके पिवळे.

तिला पहिल्यांदा राग आला. भीती नंतर आली. रविवारमागून रविवार ती परक्या माणसांच्या पापण्या अंगठ्यानं खाली ओढून बघत होती, आणि हा माणूस तिच्याच ताटासमोर बसून जेवत होता. महिनाभर त्यांचं काहीतरी चाललं होतं. मिरचीची भजी खाल्ली की उजवीकडे कळ यायची, पाठीत खांद्यापर्यंत जायची, आणि ते अंगणात येरझाऱ्या घालायचे. ती ओवा द्यायची आणि चार शब्द ऐकवायची. तेलाच्या मिलमध्ये राहून तेलाचं वेड सुटत नाही म्हणून. ते ऐकून घ्यायचे, ओवा चावायचे, आणि चार दिवसांनी पुन्हा भजी. कधीतरी मध्ये त्यांचा चेहरा तिनं नीट बघायला हवा होता. पण नवऱ्याचा चेहरा कोण बघतं? तो तिथं असतो, एवढंच.

"अवो सोजराबाई, पाहून काय राह्यल्या?" शेजारची केसरबाई पुढे आली. तिचीही कावीळ कधीकाळी याच परातीत गेलेली. "बसवा त्याहिले पाटावर. तुमच्याच घरात दवा अन् तुमालेच दम नाई काय?"

सगळे तिच्याकडे बघत होते. सोजराबाईनं हात पदराला पुसले आणि पदरातच ठेवले.

"घरच्याचं माह्या हातानं उतरत नाई," ती म्हणाली.

हे तिला तिच्या आईनं, मनकर्णाबाईनं, माहेरी वडनेर भोलजीला सांगितलं होतं. लग्नाच्या आदल्या वर्षी, मळ्यात मिरच्या तोडता तोडता. महत्त्वाच्या सगळ्या गोष्टी मनकर्णाबाईनं काम करता करताच सांगितल्या, कारण निवांत बसून सांगायची वेळ तिच्या आयुष्यात आलीच नाही. ज्याची कावीळ उतरवली त्याच्या घरचं काही घ्यायचं नाही. पैसा तर नाहीच, पाण्याचा घोटसुद्धा नाही. घेतलं की हात रिकामा झाला. आणि घरच्याला हात लावायचा नाही. घरच्याचं उतरत नाही. का, असं विचारायची पद्धत नव्हती. सोजराबाईनं ते सगळं जसंच्या तसं खामगावात आणलं आणि पाळलं. इतकं पाळलं की आता आळीतल्या अर्ध्या घरांत तिला पाणी पिता येत नव्हतं. हळदीकुंकवाला जायची आणि वाण न घेता परत यायची. आधी बायकांना त्याचा राग आला, मग सवय झाली, मग त्याचाच मान झाला. देणारी बाई म्हणून तिचा दबदबा होता, आणि खरं सांगायचं तर तो तिला आवडायचा. फक्त उन्हाळ्यात, बाजारातून चालत येताना, केसरबाईच्या दारातल्या रांजणाकडे नजर गेली की तिची जीभ कोरडी पडायची.

नांदुऱ्याला एक जण कावीळ उतरवायचा, पण बुधवारी. आज रविवार. नारायणरावांना हुडहुडी भरली होती, दात वाजत होते, आणि भर उन्हात त्यांनी घोंगडी मागितली. बुधवार असता तर? हा प्रश्न तिला नंतर कितीदा तरी पडणार होता. बुधवार असता तर तिनं त्यांना नांदुऱ्याला नेलं असतं, तिथल्या परातीत त्यांचे हात धुऊन घेतले असते, पाणी पिवळं झालं असतं, सगळ्यांनी श्वास सोडला असता, आणि तिनंही सोडला असता. पण बुधवार नव्हता. उकंडरावानं टांगा आणला. उकंडराव जिनिंगवर सरकीची पोती उचलायचा. त्यानं नारायणरावांनाही पोत्यासारखंच उचललं आणि टांग्यात ठेवलं. टांग्यामागून अंगणातली माणसं चालत निघाली, कुणीही न सांगता.

सरकारी दवाखान्यावर नव्या राज्याची नवी पाटी लागली होती; जुन्या पाटीचे खिळे अजून भिंतीत होते. डॉक्टर पुण्याकडचा होता. तरुण, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आणि बोलणं असं स्वच्छ की लोक मजा म्हणून त्याला दोनदा बोलायला लावायचे. त्यानं नारायणरावांच्या पापण्या अंगठ्यानं खाली ओढल्या. अगदी तिच्यासारख्या. मग त्यानं असं काही केलं जे तिनं कधी केलं नव्हतं: उजव्या बरगडीखाली चार बोटं ठेवली आणि म्हणाला, "आता खोल श्वास घ्या." नारायणरावांनी श्वास घेतला आणि तो अर्ध्यात थांबला. तोंड उघडंच. त्या बोटांखाली काहीतरी होतं, आणि श्वास त्याला जाऊन आपटला होता. सोजराबाई त्या बोटांकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती तळहात बघत आली होती.

डॉक्टरनं तिला बाहेर नेऊन सांगितलं. यकृताच्या खालच्या अंगाला पित्ताची एक लहान पिशवी असते. तिच्यात खडे झालेत आणि एक खडा वाटेत अडकलाय. पित्ताला पुढं जायला जागा नाही, म्हणून ते अंगभर पसरलं, म्हणून माणूस पिवळा. पिशवीत पू झालाय. आज पोट उघडून ती काढली नाही तर ती आत फुटेल.

"फुटली तर?" तिनं विचारलं.

"मग मला काही करता येणार नाही," तो म्हणाला. तिला त्याचा रागही आला आणि आधारही वाटला. खोटं बोलत नव्हता. "आणि बाई, असा पिवळा झालेला माणूस कापला की रक्त लवकर थांबत नाही. इंजेक्शन देतोय, पण रक्ताची बाटली हाताशी असल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. अकोल्याहून आणायला वेळ नाही. रक्त देणारं कुणी आहे?"

कुणी आहे? अंगणच्या अंगण दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलं होतं. सोजराबाईच्या घराचं काही फेडायची संधी या माणसांना इतक्या वर्षांत कधी मिळाली नव्हती. ती साखरेची पुडीही घेत नसे. आता रक्त मागताहेत म्हटल्यावर बाह्या वर सारून सगळे उठले. सर्वांत पुढे उकंडराव, दंड दाखवत. रक्त तपासणारा माणूस दारात स्टूल टाकून बसला आणि त्यानं विचारलं, "कधी कावीळ झाली होती का?"

"झाली व्हती ना!" उकंडराव अभिमानानं म्हणाला. "या बाईनंच उतरवली. तीन हप्त्यात घोड्यावाणी उठलो."

"तिकडं बसा. चालणार नाही."

"काऊन?"

"ज्याला कावीळ झाली त्याचं रक्त दुसऱ्याला देत नाहीत. ते विष रक्तात राहू शकतं. पुढचे."

पुढच्यालाही झाली होती. त्याच्या पुढच्यालाही. केसरबाईला झाली होती. सकाळी पाटावर बसलेल्या हमालाला तर विचारायचीही गरज नव्हती. दूधवाला गुलाबराव हुशार निघाला, रांग सरकताना त्याला खेळ कळला, आणि पाळी आल्यावर तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "मले? जल्मात नाई."

"खोटं काऊन बोलतं बे?" मागून उकंडराव ओरडला. "त्या साली पोळ्याच्या टायमाले तू माह्या बाजूलेच नव्हता काय बसला पाटावर?"

गुलाबराव रडवेला झाला. "लेका, तुह्यं काय जात व्हतं?" तो म्हणाला. तपासणाऱ्याला हसू आलं आणि मग त्यानं ते गिळलं. एवढी माणसं, एवढं मोकळं रक्त, आणि त्यातला थेंबही चालत नव्हता. आज रविवार, मिल बंद, मिलमधली माणसं आपापल्या गावी पांगलेली. नारायणरावांचा एक सोबती सापडला, त्याला कावीळ झाली नव्हती, पण काचेवर थेंबात थेंब मिसळल्यावर त्याचं रक्त जमेना. एकुलती मुलगी पुष्पा उंद्रीला दिलेली. निरोप पोचून ती यायची म्हणजे संध्याकाळ. आत नारायणराव कण्हत होते. सोजराबाई भिंतीला टेकून उभी होती आणि तपासणाऱ्याचं एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं. विष रक्तात राहू शकतं. मग पाण्यात जे उतरतं ते काय?

"माहं पाहा," ती म्हणाली.

तपासणाऱ्यानं तिचं बोट टोचलं, काचेवर थेंब ठेवला, काच हलवली, पुन्हा हलवली. "जमतंय," तो म्हणाला. मग सवयीनं विचारलं, "तुम्हाला कधी कावीळ झाली होती का?"

ती वडनेरच्या अंगणात होती. परकर नेसायच्या वयाची. मनकर्णाबाई मळ्यात गेलेली, परातीत सकाळची उरलेली निवळी, पाटाशी पाल्याचा चोथा. सोजरानं नुसतं खेळ म्हणून, आईसारखं तोंड करून, स्वतःचे हात स्वतःच चोळले आणि निवळीत बुडवले. पाणी पिवळं झालं. तिला काही झालेलं नव्हतं. सकाळीच ती चिंचेच्या झाडावर चढून आली होती. तरी पाणी पिवळं. ती इतकी भ्याली की आडात वाकून पाण्यात स्वतःचे डोळे बघत राहिली. संध्याकाळी आईला सांगितलं. परात उचलून तिनं पाणी निंबाच्या मुळाशी ओतलं, बराच वेळ परात घासली, आणि पाठमोरीच म्हणाली, "तुले व्हती, ते उतरली. आता कोणाजवळ बोलू नको." त्यानंतर सोजरा कुणाजवळ बोलली नाही. स्वतःजवळही नाही. ते पिवळं पाणी तिनं मनाच्या अशा कोपऱ्यात ठेवलं होतं की जिथं दिवा न्यायचा नसतो, आणि आता हा स्टुलावरचा माणूस सरळ दिवा घेऊन तिथं उभा होता.

आई खरी, तर तिला कावीळ झाली होती, आणि तिचं रक्त नारायणरावांना विष. आई खोटी, तर रक्त चांगलं, मग ती परात, ते रविवार, तो एकदम सोडलेला श्वास, सगळं काय होतं? दोन्ही खरं ठेवायची सोय नव्हती. एकीकडे आई होती, एकीकडे नवरा, आणि तपासणारा पेन्सिल कानावर ठेवून वाट बघत होता. तिला वाटलं, चिंचेच्या झाडावर चढलेल्या त्या पोरीला विचारावं. त्या पोरीला माहीत होतं. तिला तेव्हाच माहीत होतं.

"नाई," सोजराबाई म्हणाली. "कधीच नाई झाली."

सुई जाड होती. नळीतून तिचं रक्त बाटलीत जाताना ती बघत होती. बाटली भरली तशी ती कुणीतरी उचलून आत नेली, आणि आतलं दार लागलं. ती उठायला गेली तर भिंत सरकली. सिस्टरनं तिला धरून बाकावर बसवलं. सिस्टर अमरावतीकडची, जाडजूड, आवाजानं दवाखाना चालवणारी.

"सकायपासून काई खाल्लं काय?"

"नाई."

"मंग पडशीन नाई तं काय व्हईन! कमी पडलं तं डॉक्टर अजून मांगतीन, मंग कुठून देशीन? अन् तो माणूस बाहीर आल्यावर त्याच्याजवळ कोण बसन, मी काय?" असं म्हणून ती बाहेर गेली आणि पितळेची लोटी घेऊन आली. "घे. गरम हाये. तुह्या मानसाईनंच आनलं."

लोटी सोजराबाईनं ओळखली. रोज सकाळी आळीत दारोदार जाणारी, कडेला पोचा आलेली, गुलाबरावची लोटी. रक्त घेत नाहीत म्हटल्यावर तो घरी पळाला होता आणि दूध तापवून घेऊन आला होता. दारात उभा राहून तो आत बघत होता. तिनं घेतलं नाही तर काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं. इतकी वर्षं तिनं घेतलेलं नव्हतं. त्याच्याच म्हशीचं दूध तो आळीभर घालायचा आणि तिच्या दारावरून लोटी तशीच पुढे न्यायचा. तिनं दूध दुसऱ्या दूधवाल्याकडे लावलं होतं. घेतलं की हात रिकामा झाला. तिनं लोटी दोन्ही हातांनी धरली. रिकामाच होतो आहे, तिच्या मनात आलं, अर्धा तर बाटलीत गेला. तिनं लोटी तोंडाला लावली. दुधावर साय होती, त्यानं साखरही घातली होती, भरपूर, आपल्या पोरींना घालतात तशी. लोटी खाली आली तेव्हा ती रिकामी होती. दारात गुलाबराव उपरण्यानं डोळे पुसत होता, आणि आपण एवढी वर्षं या माणसाला एवढंसंही सुख दिलं नाही, म्हणून तिला स्वतःची लाज वाटली.

मग बसायचं. दार बंद. केसरबाई शेजारी येऊन बसली, हा तिचा मोठाच उपकार. पण आत काय चाललं असेल त्याच्यापेक्षा बाटलीत काय गेलं असेल याचीच सोजराबाईला धास्ती होती. नाई म्हणताना सगळं लख्ख होतं. आता पुन्हा गढूळ झालं. आई खरी असली तर? आईला अडाणी म्हणायचं आणि नवऱ्याच्या अंगात स्वतःच्या हातानं विष सोडायचं, असं तर नाही ना झालं? मग तिला बनाबाई आठवली. चिखलीकडची बाई, कमरेला हात देऊन चालायची, उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणायची. तीन रविवार आली. तिन्ही वेळा पाणी पिवळं झालं. चौथ्या रविवारी आली नाही. न येणारा बरा झाला, असं सोजराबाई धरून चालायची, सगळ्यांच्याच बाबतीत. बरीही झाली असेल बनाबाई. असेलही. सोजराबाईनं आपली चार बोटं स्वतःच्या बरगडीखाली ठेवली आणि खोल श्वास घेतला. तो पूर्ण आला.

आणि याच बाकावर बसून तिला वडील आठवले. ती लहान असताना ते पिवळे झाले होते. मनकर्णाबाईनं तेव्हा परात काढली नाही. नियमच होता. तिनं पहाटे गाडी जुंपली आणि त्यांना थेट मलकापूरला डॉक्टरकडे नेलं, आणि ते त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. हे तिनं हजारदा ऐकलं होतं. आज पहिल्यांदा तिला त्यात आईचा चेहरा दिसला. घरच्याचं उतरत नाही. की घरच्यावर भरवसा ठेवायची हिंमत होत नाही? माय शहाणी होती, भित्री होती की काय होती? बाकीच्यांना ती हात द्यायची आणि आपल्यांना डॉक्टर. सोजराबाईला आईचा राग यायला हवा होता, पण आला नाही. कारण तोच नियम आज टांगा घेऊन आला होता. नियम नसता तर नारायणराव सकाळीच पाटावर बसले असते.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरच्या कपाळावर घाम होता आणि तो हसत होता. "निघाली," तो म्हणाला. "अजून थोडा उशीर झाला असता तर फुटली असती. रक्त कामी आलं बरं का बाई. तुमचं होतं ना?" सोजराबाईला काहीतरी बोलायचं होतं. तिनं आयुष्यभर लोकांचे उपकार नाकारले होते. उपकार मानायचे कसे, हे तिला शिकायलाच मिळालं नव्हतं. तिनं वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो गडबडून मागं सरला, आणि भिंतीला आपटला. सिस्टरनं एका बाटलीत खडे आणून दाखवले. काळपट, हरभऱ्याच्या डाळीएवढे. केसरबाई म्हणाली, "बापा, हे भजे व्हत काय?" आणि मग सगळेच हसले, रडता रडता.

संध्याकाळी पुष्पा आली. नारायणरावांनी डोळे उघडले ते दुसऱ्या दिवशी, नीट. पहिला प्रश्न काय, तर निवळीची परात अंगणातच राहिली काय. दवाखान्यातले ते दिवस सोजराबाईला नंतर सणासारखे आठवायचे, याचं तिचं तिलाच नवल वाटायचं. आळीतून भाकरी यायची, पिठलं यायचं, कुणी उशी आणली, उकंडरावानं कंदील आणला, आणि ती सगळं घेत होती. एकदा घेतलं की घेता येतं. केसरबाईच्या रांजणातलं पाणी तिनं तांब्याभर प्यायलं. ते थंड होतं, आणि खस घातल्यासारखा त्याला वास होता. रोज सकाळी ती नारायणरावांची पापणी खाली ओढायची. पिवळेपणा उतरत होता. निवळीवाचून, पाल्यावाचून, रोज थोडा थोडा. पट्टी बदलताना तिनं एकदा डॉक्टरला विचारलं, "सायेब, साधी कावीळ कशानं बरी व्हते?"

"बहुतेक आपली आपणच. विश्रांती, साखर, थोडे दिवस."

"अन् ही खड्याची?"

"ही नाही होत."

"वरतून कशी वळखाची?"

त्यानं तिच्याकडे नीट बघितलं, पण का विचारता असं विचारलं नाही. "ओळखायचं काम आमच्यावर सोडा," तो म्हणाला. "तुमच्याकडून एवढं झालं तर पुरे, की माणूस लवकर इथं येईल."

घरी आल्यावरही ती पापण्या बघायची. रक्तातून गेलेली कावीळ दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात, असं तपासणाऱ्यानं सहज बोलता बोलता सांगितलं होतं, आणि ते सहज बोलणं तिच्या छातीवर बसलं होतं. रविवारी लोक यायचे. घरात आजारी माणूस हाये, असं सांगून ती त्यांना परत पाठवायची. नारायणराव चिडायचे. बिनतेलाची भाजी, बिनतेलाचं वरण, आणि वर उठल्यासुटल्या बायको डोळ्यात बोट घालते. "अवं, माहे डोळे हायत, का घराची खिडकी हाय, का रोज उघडून पाहातं?" असं ते म्हणायचे. ती दुसरी पापणी खाली ओढायची. जोंधळे निघाले, कापसाच्या गाड्या बाजारात यायला लागल्या, थंडी पडली. डोळे पांढरेच राहिले. एका सकाळी तिनं पापणी खाली ओढली, बघितली, आणि सोडून दिली, आणि तिला कळलं की आता बघायची गरज नाही. ती चुलीपुढे बसून मोकळी रडली. चिंचेच्या झाडावर चढलेल्या पोरीला काही झालेलं नव्हतं. माय, तुझंच रक्त दिलं मी त्यांना, ती मनात म्हणाली, आणि ते चांगलं होतं.

त्या रविवारी अंगणात पुन्हा माणसं बसली. नारायणराव बरे झालेले सगळ्यांना दिसत होते, तेव्हा आता सबब नव्हती. पुढे एक तरुण बाई बसली होती, नवरा बरोबर. डोळे पिवळे, हात उजव्या कुशीवर. नारायणरावांनी जुन्या सवयीनं आडावरून बादली काढली आणि पाटाशी आणून ठेवली, या वेळी न सांडता. परात मात्र कुठं दिसेना. ती फडताळात होती, घासून पालथी घातलेली.

सोजराबाई बाहेर आली ती चपला घालून, अंगावर लुगड्याचा पदर नीट घेऊन. त्या बाईच्या समोर बसली, तिची पापणी बघितली, आणि मग तिच्या बरगडीखाली चार बोटं ठेवून म्हणाली, "श्वास घे बरं." श्वास अर्ध्यात थांबला. सोजराबाईनं तिचा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

"हात धुऊन द्या ना, माय," बाई म्हणाली. "लय दुरून आलो."

"मी गुलाबरावचं दूध पेली," सोजराबाई म्हणाली. नारायणरावांनी बादलीवरचा हात काढला. दुधाचं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. "केसरबाईच्या घरचं पाणी पेली. समद्याइच्या घरची भाकर खाल्ली."

"म्हंजे हात गेला काय?" मागून कुणीतरी हळूच विचारलं.

"हाताचं मले मालूम नाई. पण ज्याच्या घरचं खाल्लं तो घरचा झाला. तुमी समदे आता माह्या घरचे." तिनं त्या बाईला हळूच उठवलं. "अन् घरच्याचं माह्या हातानं उतरत नाई. चाल, मी येतो तुह्यासंगं."

तिघे-चौघे कुरकुरत उठून गेले. नांदुऱ्याला बुधवार होताच. बाकीचे बसून राहिले, काय करावं ते न सुचून. नारायणराव तिच्याजवळ आले.

"दूध काऊन पेली तू?" त्यांनी विचारलं.

"भूक लागली व्हती," ती म्हणाली. मग म्हणाली, "गोड व्हतं."

नारायणरावांनी बादलीतलं पाणी निंबाच्या मुळाशी ओतलं, टोपी घातली, आणि टांगा आणायला रस्त्यावर गेले.